चिमणी अडेल ठरली

१२ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गुडघ्याचं ऑपरेशन पार पडलं. घोड्यावर बसणं सोडाच, डॉक्टरांनी जिना चढायलाही बंदी घातली आहे, त्यामुळे दिवसभर चिडचिड. त्यात तुझं पत्र, की यंदा माझ्याऐवजी बबडी चिमणीला स्पर्धेत उतरवणार. भाचीला नाही म्हणायला जीभ रेटत नाही, आणि घोडी कागदोपत्री भाऊजींची, म्हणजे मी नाही म्हणूनही काय होणार! पण ऐक. तिचं अंग हत्तीचं असलं तरी काळीज खरोखर चिमणीचं आहे. रिंगणातली चाल, दांड्यांवरच्या उड्या, रानातली धाव, तिन्हींत ती कुणाला हार जायची नाही, फक्त दमदाटी करू नका. टाच मारायची नाही, पोटरी नुसती टेकवली की कळतं तिला. लगाम सैल हवा. खोगीर आधी हुंगू द्यायचं. तूही शिंकत शिंकत का होईना, एकदा तबेल्यात जाऊन ये. उन्हाळ्यात मी पुन्हा तिच्यावर बसणार आहे, तोवर जपा गं तिला. तिच्याशिवाय मला मेलं आहे तरी कोण?

भाऊजींना नमस्कार, बबडीला पापा. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी धाकटी

३ डिसेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

मनाचा हिय्या करून लिहिते आहे. पहिल्या दिवशी चिमणी रिंगणात अशी चालली की परीक्षक चष्मे पुसायला लागले. दुसऱ्या दिवशी एकही दांडी पडली नाही. घोडी आमची, घोडी आमची म्हणून हे छाती फुगवून फिरत होते. तिसऱ्या दिवशी रानातली धाव. मी जन्मात पहिल्यांदा दोराशी उभी राहिले, नेमकी त्या मोठ्या खंदकापाशी. दोघी भरधाव येताना पाहिल्या आणि माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. बास, बबडे, बास, म्हणून मी गळा फाडून ओरडले. घोडी काठावर चारही पाय रोवून गपकन थांबली आणि पोरगी पलीकडे फेकली गेली. हाड मोडलंय, पण जिवावरचं खांद्यावर निभावलं.

बबडीचे घोडेस्वारीचे मास्तर म्हणतात, घोडी अडेलतट्टू आहे, ऐन वेळी दगा देते. बबडीही रडत रडत तेच म्हणते. यांनी विकायचं ठरवलंय. तो भाड्यानं घोडे फिरवणारा, तुला ठाऊक आहे, रविवारी न्यायला येतोय. त्रागा करून घेऊ नकोस, गुडघ्याला जप. तुझ्यावरची माया आहे तशीच आहे.
तुझी ताई

७ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बबडीच्या खांद्याला लवकर आराम पडो. आता नीट वाच. चिमणी अडली नाही, तिनं ऐकलं. लगाम न ओढता तिला तोंडानं थांबायला मी शिकवलंय, आणि तो शब्द आहे बास. आपल्या घरात बास म्हणजे पुरे. तिच्या लेखी बास म्हणजे आहेस तिथे उभी राहा, मग पुढे खंदक असो की खड्डा. तुला सतरा सूचना लिहिल्या आणि नेमकी हीच राहिली, माझ्याच अकलेचं दिवाळं. हवं तर सगळं माझ्यावर ढकल. पण भाऊजींना आणि मास्तरांना एवढं सांग, की तू ओरडलीस, म्हणून ती थांबली. त्या माणसाच्या घोड्यांची तोंडं मी पाहिली आहेत, काटेरी लगामानं सोललेली असतात. तो तिची पार वाट लावील. ताई, पाया पडते तुझ्या, रविवारच्या आत सांग.

धाकटी

१५ डिसेंबर

चि. धाकटीस,
अ. आ.

तुझं पत्र शनिवारीच मिळालं, खोटं कशाला बोलू? सांगायला दोनदा यांच्या खोलीपर्यंत गेले. पण बबडी आधीच माझ्याशी धड बोलत नाही. आईमुळे पडले हे कळलं, तर ती माझं तोंड पाहायची नाही. घोडीला दुसरं घर मिळेल गं, मला दुसरी मुलगी कुठून मिळणार?

चिमणी गाडीत चढली, पण मागचं दार लावू देईना. थरथरत मागे मागे सरायला लागली. त्या माणसानं चाबूक काढला, मला बघवेना, म्हणून मी हळूच बास म्हटलं. तू लिहिलंस तशीच ती जागच्या जागी उभी राहिली, आणि त्यांनी दार लावून घेतलं. तो तर खूशच झाला, बाईंचं बरं ऐकते म्हणाला. हे म्हणाले, योगायोग.

रागावलीस तर चार शिव्या दे, पण पत्र पाठव.
तुझी ताई

२९ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न.

काठी टेकत त्या माणसाकडे जाऊन आले. चिमणीच्या ओठांच्या कडा सोलल्या आहेत. मी हाक मारली तर भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. म्हटलं, अडेल घोडी तुम्हाला कशाला, मला परत द्या, हवं ते देते. तो हसला. म्हणाला, ही अडेल नाही हो, एका शब्दावर खांबासारखी थांबते, पोरांना बसवून मिरवायला अशीच लागते, ही मी मरेपर्यंत सोडत नाही. शब्द कुणी शिकवला विचारलं, तर म्हणाला, दार लावताना त्या बाईंनीच.

बबडीला माझ्याकडून काही कळणार नाही, निर्धास्त राहा. वर नमस्कार लिहिला आहे, तो तू मोठी आहेस म्हणून.
धाकटी