अंगठ्याशेजारचे चेहरे

बाबा, तुम्हाला जाऊन नऊ वर्षे झाली. नेरच्या स्टुडिओतला तुमचा निळा पडदा आणि लाकडी स्टूल मी गेल्या महिन्यात आपल्या गावच्या चावडीत नेऊन मांडले. गावातले दारूचे दुकान बंद व्हावे म्हणून बायकांनी अर्ज दिला होता. त्यावर सह्या थोड्या, अंगठेच जास्त. दुकानदाराने ते खोटे ठरवले, आणि चौकशीला आलेले साहेबही म्हणाले की ठसे सगळे सारखेच दिसतात. तेव्हा बायकांनी ठरवले, प्रत्येक अंगठ्याशेजारी आणि सहीशेजारी त्या त्या बाईचा फोटो लावायचा. फोटोवाल्याची मुलगी म्हणून मला बोलावले. चारचौघांत तोंड न उघडणारी मी, निदान कॅमेऱ्यामागे लपता येईल म्हणून गेले.

आठवीत असताना एका आजीचा फोटो मी घाईने काढला होता. तिचे डोळे जमिनीकडे होते. तुम्ही कॅमेरा माझ्या हातून काढून घेतलात आणि हळूच म्हणालात, "ते पाहीन तवा बटन दाबजो, बाई. तू पाह्यतं तवा नाही." मग तिच्यासाठी चहा सांगितलात आणि ती आपणहून वर पाहीपर्यंत थांबलात. चावडीत मीही थांबत होते. बंजारा तांड्यावरची सर्वांत म्हातारी, जिला सगळे याडी, म्हणजे आई, म्हणतात, पदर सारखा करत म्हणाली, "लग्नातबी कोनं मले येवढं पाह्यलं नोतं." रांगेतल्या बायकांचे हसणे ओसरते आणि स्टुलावर एक बाई येऊन बसते. तिचा नवरा रोज त्या दुकानात असतो. आत्ता तो चावडीच्या दारात उभा आहे. तिची मान खाली. मी थांबते. रांगेतली एकही बाई घाई करत नाही. आणि ती मान वर करून सरळ माझ्याकडे पाहते. बाबा, तेव्हा मी बटन दाबले.

तपासणीच्या दिवशी साहेब फोटो पाहायचे, मग समोरच्या बाईकडे, आणि ती फोटोतल्यासारखीच त्यांच्याकडे पाहत असायची. सुरुवातीला "नाव सांग" म्हणणारे साहेब निम्म्या रांगेनंतर "नाव सांगा" म्हणू लागले. सारे अंगठे खरे ठरले. आता दुकान बंद करायचे का, यावर मतदान होईल.

हे पत्र वहीतच राहणार, म्हणून लिहिते. अर्जावर माझीही सही होती, पण त्या स्टुलावर बसायचा धीर मला झाला नाही. दहावीच्या फॉर्मसाठी तुम्ही काढलेला फोटो मी चिकटवला. "जुना आहे," साहेब म्हणाले. मी हो म्हटले. त्यात मी सरळ तुमच्याकडे पाहते आहे. त्यानंतर कोणाकडेच तसे पाहिलेले नाही.