निळी गाडी बाहेरून गेली

बाबा, मी मोठा टीव्ही घेतला. भिंतीवर टांगायचा, इंटरनेटवर चालणारा. आई त्याच्यासमोरून जाताना पदर सावरते आणि म्हणते, "इतके मोठे मोठे चेहरे घरात काहून आणले तू?" तुम्ही असता तर आधी त्याच्या मागे डोकावून वायरी कुठे जातात ते पाहिलं असतं, आणि याला एंटेना लागत नाही हे कळल्यावर तुमचा थोडा हिरमोडच झाला असता. या टीव्हीनं मला दोन महिने पेचात टाकलं होतं. मागच्या रविवारी तो पेच सुटला, आणि कसा सुटला ते तुम्हालाच सांगण्यासारखं आहे.

झालं असं, की चरोद्याला राहणाऱ्या काकांनी मोतीबिंदू काढून घेतला. रेल्वे यार्डात उभं आयुष्य डब्यांच्या चाकांवर हातोडी मारून आवाजावरून तडा ओळखण्यात घालवलेला हा तुमचा मित्र, डोळ्यांवाचून त्याचं फारसं अडत नव्हतं. पण पट्टी निघाली आणि आठ दिवसांत फोन आला. "पोरी, नवे डोळे आले मले. तुह्या टीव्हीवर आपली ती रेस लाव. म्हणतेत इंटरनेटवर सगळं पडून राह्यते. पुरी पाहू, शेवटच्या फेऱ्यापर्यंत." तुमचे दुसरे मित्र, पावर हाउस बाजारातले काकाही येणार होते. मी हो म्हणाले, फोन ठेवला आणि पंख्याखाली जाऊन बसले. शेवटचा फेरा तुमचा होता. दर वर्षी तुम्ही तो सांगायचात, आणि तुम्ही सांगायचात तसा तो झालाच नव्हता. हे मला माहीत होतं, कारण तो तुम्हाला मीच सांगितला होता.

तुम्हाला या रेसच्या गाड्यांचं वेड लागलं ते पावर हाउसच्या काकांमुळे. त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, शेजारी रद्दीवाला, आणि त्या रद्दीत पोलाद कारखान्यातल्या परदेशी इंजिनियरांनी टाकून दिलेली मासिकं. एकात त्या लांबोडक्या गाड्या होत्या, एकेकट्या माणसाच्या, चारही चाकं अंगाबाहेर. तुम्ही तो अंक शर्टाच्या आत घालून घरी आणलात. भंडाऱ्याकडच्या धानाच्या बांधावरून थेट रोलिंग मिलच्या क्रेनवर चढलेला माणूस, त्या चित्रात काय सापडलं कोण जाणे. मला मांडीवर घेऊन म्हणालात, "चाकं उघडी हायेत पाह्य. लपवाछपवी नाई. अन् आत एकटाच बसून राह्यते, माह्या केबिनसारखा." मग तुम्ही निळ्या गाडीच्या ड्रायव्हरचा पक्ष धरलात. तो सगळ्यांत वयस्कर होता, आणि बाकीचे त्याच्या नावानं हसतात असं कुठंतरी छापून आलं होतं, एवढं तुम्हाला पुरलं. तुम्ही निळ्याचे म्हणून चरोद्याचे काका निळ्याचे, पावर हाउसचे काका निळ्याचे, आणि मीही निळ्याचीच असणार हे सगळ्यांनी धरून चाललं.

क्रेनच्या खुणा मला तुम्ही शिकवल्यात, त्याआधी मला पाढेसुद्धा धड येत नव्हते. तर्जनी वर करून गोल फिरवली की वर उचल. खाली करून फिरवली की सोड. तळहात ज्या बाजूला ढकलला त्या बाजूला चल. दोन्ही हात आडवे फैलावून हलवले की तत्काळ थांब. खालच्या गदारोळात आवाज पोचत नाही, म्हणून वर केबिनमध्ये बसलेला माणूस खालच्या सिग्नलवाल्याच्या हातांवर चालतो. "अन् सिग्नल एकाचाच," तुम्ही म्हणायचात. "दहा जण हात हालवून रायले तरी आपण एकाचाच मानाचा. दोघांचा मानला की भार कोणाच्या तरी डोक्यावर जाते." आज प्लांटच्या सुरक्षा विभागात मी हेच शिकवते. खुर्सीपार वस्तीतून येणारी ठेकेदाराची माणसं, पहिल्या दिवशी बाई शिकवणार म्हणून गालात हसतात, दुसऱ्या दिवशी वहीत लिहून घेतात. मी चांगली शिकवते, बाबा. उगाच नम्रपणा कशाला.

पण मार खाल्ल्यासारखा एक दिवस अजून लक्षात आहे. क्वार्टरच्या गच्चीला डागडुजी चालली होती. तुम्ही वरून कप्पीनं रेतीची बादली ओढत होता, मी अंगणात सिग्नलवाली. रिकामी बादली खाली येत होती आणि माझं लक्ष भिंतीवरच्या सरड्याकडे. न पाहताच मी बोट फिरवलं, सोड. आई खाली वाकून रेती भरत होती. बादली तिच्या खांद्याला घासून गेली, जास्त लागलं नाही, हळद लावून भागलं. तुम्ही खाली उतरलात. मला वाटलं थप्पड बसणार. तुम्ही उकिडवे बसलात, माझ्या डोळ्यांसमोर डोळे आणलेत आणि हळू आवाजात म्हणालात, "सिग्नल नाई देल्ला तं काम थांबते. खोटा देल्ला तं माणूस जाते. समजलं?" त्या संध्याकाळी तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मी नऊ वर्षांची होते, आणि थप्पड बसली असती तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

दोन वर्षांनी ती रेस आली. मे महिना, रविवार, संध्याकाळचे साडेपाच. टीव्हीवर थेट दाखवणार म्हणून दोन्ही काका दुपारपासून आलेले, आई भज्यांचं पीठ भिजवते आहे, खिडकीत कूलर घरघरतो आहे. निम्मी रेस नीट दिसली. मग पडद्यावर मुंग्या आल्या. तुम्ही शिडी लावून गच्चीवर गेलात, एंटेनाचा पाइप हातात धरला आणि चित्र लख्ख झालं. पाइप सोडला, मुंग्या. धरला, चित्र. पावर हाउसचे काका दारातून ओरडले, "सोडू नको बे, तूच एंटेना हायेस आता." आणि तुम्ही सोडला नाहीत. गच्ची दिवसभर तापलेली, तुमच्या पायात रबरी चपला. तुम्ही एक पाय उचलायचात, मग दुसरा, पाइप मात्र हातातच. ज्या रेसची तुम्ही महिनाभर वाट पाहिली तिचा उरलेला भाग तुम्ही घरावर उभं राहून आमच्यासाठी धरून ठेवलात.

कूलरच्या आवाजात तुम्हाला काही ऐकू येणार नव्हतं, म्हणून मागच्या दारात मी उभी राहिले. डावीकडे मान वळवली की टीव्ही, वर केली की तुम्ही. पांढरी गाडी पहिली, निळी तिच्या मागे. अंतर कमी झालं की मी तर्जनी वर करून फिरवायची, वाढलं की खाली. तुम्ही वरून मान डोलवायचात. मी इतकी चोख खुणा करत होते की आई भजी तळायची सोडून माझ्याकडे पाहत राहिली. शेवटचा फेरा लागला. निळी अगदी जवळ आली होती, पण पुढे जायला जागा नव्हती. आणि शेवटच्या वळणाच्या आधी पांढऱ्या गाडीच्या मागून धूर निघाला. ती हळू झाली, गवतात उतरली, थांबली. निळी शेजारून निघून गेली आणि जिंकली. झालं ते एवढंच. काका लोक उड्या मारायला लागले, तुम्ही वरून मोकळा हात हलवून विचारलंत, काय झालं? मला दोन्ही हात आडवे फैलावायचे होते. थांबली, बंद पडली. त्याऐवजी मी उजवा हात लांब करून बाहेरून मोठा वळसा घेतला आणि तर्जनी वर केली. बाहेरून काढली, वळणाच्या बाहेरच्या अंगानं पांढरीला मागे टाकून. निळी पुढे. तुम्ही पाइप सोडून दोन्ही हातांनी आभाळाला बुक्की मारलीत.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून येताना तुम्ही माझ्यासाठी कागदात गुंडाळून हातमोजे आणलेत, पांढऱ्या कातड्याचे, बोटं लांबून दिसावीत असे. "चांगल्या सिग्नलवालीले," म्हणालात. मला ते घेववेनात आणि नाहीही म्हणता येईना. मग दर वर्षी मे महिन्यातल्या एका रविवारी तुम्ही तिघे जमून ती रेस पुन्हा सांगायला लागलात. सुरुवात पावर हाउसचे काका सांगणार, मधलं टायर बदलणं आणि चाकांचं काय झालं ते चरोद्याचे काका, आणि शेवटचा फेरा तुम्ही, ज्यांनी तो पाहिलाच नव्हता. भज्याचा तुकडा निळी गाडी, मिरची पांढरी. "बाहेरून!" तुम्ही म्हणायचात, "दोन चाकं गवतात, अन् म्हातारा ढळला नाई." काका लोक दर वेळी तितक्याच मनानं माना डोलवायचे. उड्या मारण्याच्या नादात त्यांनी धूर पाहिलाच नसावा, असं मी धरून चालले होते. मी चहा आणायच्या निमित्तानं आत जायची. तुम्ही गेल्यावर दहा वर्षं तो फेरा मी सांगते आहे, अगदी तुमच्यासारखा, मिरचीसकट.

आता तुम्हाला कळेल मला का घाम फुटला ते. खोटी मी होते, पण हसं तुमचं झालं असतं. ज्या माणसानं जन्मभर खोट्या सिग्नलचा तिटकारा केला, त्याच्या तोंडी मीच तो घातला होता, आणि आता तुमचे जिवाभावाचे दोन मित्र तो पंचावन्न इंचांच्या पडद्यावर पाहणार होते. दोनदा मी नेट बंद आहे म्हणून टाळलं. तिसऱ्यांदा ते दोघे न विचारता ऑटो करून दारात उभे राहिले, हातात जिलेबी. रेस मला सापडली होती, कधीचीच. लावली. तुमच्याविषयी बोलत, एकमेकांना चुकीचं ठरवत त्यांनी ती पाहिली. शेवटचा फेरा लागला तेव्हा रिमोट माझ्या हातात होता, अंगठा बटणावर. दाबला नाही. दोन माणसांच्या म्हाताऱ्या डोळ्यांना मी पुन्हा फसवणार नव्हते.

धूर निघाला. पांढरी गवतात उतरली. निळी शेजारून गेली. मी त्यांच्याकडे पाहिलं तर पावर हाउसचे काका जिलेबी मोडत होते.

"काका, बाहेरून नाही गेली," मी म्हणाले.

"हाव," ते म्हणाले. "इंजिन गेल्तं पांढरीचं. आमी पाह्यलं होतं ना तवाच."

"मग बाबांना सांगितलं का नाही कधी?"

"सांगतलं ना. दुसऱ्याच दिवशी. ड्युटी सुटल्यावर दुकानात आलता तो, काखेत तुहे हातमोजे. म्हणे कशी बाहेरून काढली बे म्हाताऱ्यानं. मी म्हटलं, बाहेरून कायची, इंजिन फुकलं पांढरीचं." काकांनी जिलेबी ताटलीत ठेवली. "हातमोजे उलटसुलट करून पाह्यले. मग म्हणे, तुमी दोघं काईबी सांगा. मी वर होतो. माहा सिग्नल खाली उभा होता. तिनं बाहेरून देल्ला, तं बाहेरून गेली."

चरोद्याचे काका नवे डोळे पुसत म्हणाले, "मीबी तवा दुकानातच होतो. म्हटलं, खोटा सिग्नल हाये तो. तं म्हणे, एकाचाच मानाचा असते. आता पोरीसमोर कोणी काई बोलाचं नाई."

बाबा, वीस वर्षांच्या वर तुम्ही तिघे माझ्यासमोर बसून तो फेरा सांगत होता आणि मी आत जाऊन चहात साखर जास्त पडली का पाहत होते. हातमोजे तुम्ही सगळं माहीत असताना दिलेत. मी रडले, चांगली हुंदके देऊन रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही. मग चरोद्याच्या काकांनी टीव्ही बंद करायला लावला. "आता शेवटचा फेरा सांग," म्हणाले, "तुह्या बापाचा." मी हात पुसले, आईनं तळलेलं भजं उचललं, मिरची ठेवली आणि सांगितला. बाहेरून, दोन चाकं गवतात. दोघांनीही माना डोलावल्या. आई मागच्या खोलीतून म्हणाली, "तेल कडत आहे, कोणी पाहून रायलं का तिकडं?"

हे पत्र कुठे टाकायचं नाही, हातमोज्यांच्या कपाटात घडी करून ठेवीन. पण एक राहिलं, आणि ते मी काकांनाही सांगितलं नाही. तुम्हाला वाटलं असणार, पोरीनं बापाच्या आनंदासाठी निळीला मोठं केलं. म्हणून तर तुम्ही सांभाळलंत मला. तसं नव्हतं, बाबा. मी निळ्याची कधीच नव्हते. त्या रद्दीतल्या अंकापासून मला पांढरी आवडायची. ती बंद पडून गवतात उभी राहिली, आणि तिच्यासाठी ते दोन हात आडवे करणं माझ्यानं झालं नाही. त्यापेक्षा कोणीतरी बाहेरून गाडी काढून तिला हरवलं, हे मला बरं वाटलं.