बाळापूरचा तिसरा डबा

४ सप्टें., अमरावती
काम मिळालं. पुण्याच्या सायली मॅडमचं संशोधन. दहा वर्षांनी घरात कसली यंत्रं लोकांना हवीशी वाटतील, ते बघायचं. त्यासाठी प्लायवूडचे डबे. आत सेल, लाल दिवा, बाकी रिकामं. घरात कोणाशी बोलायची हिंमत होत नसेल तर डब्याला सांगायचं, डबा वेळ बघून त्या माणसाला सांगणार. म्हणजे सांगत नाही. सांगतो असं समजून आठ दिवस राहायचं, वहीत लिहायचं. डबा खोटा आहे हा कागद आधी वाचून दाखव, मग सही घे. मॅडमनी दहादा बजावलं.

६ सप्टें.
अकोल्यात दोन दिले. तिसरा बाळापूरला, माझा दोस्त सुन्याच्या घरी. तो सुरतेला कामाला. घरी बायको शालूवहिनी आन् बाप. भाऊरावकाका फवारणीचा पंप खोलून बसलेले. "काय आनलं बे? रेडिओ?" वहिनींनी डब्याला हळदकुंकू लावलं. चहा, सही. किल्ला बघायचा होता, पळालो. किल्ल्याजवळच्या दोन्ही नद्यांना पाणी. मस्त.

९ सप्टें.
बॅगेत कागद सापडला. बाळापूरचा. सही घेतली, पण वहिनींना वाचून दाखवलाच नाही. उद्या फोन करतो.

१० सप्टें.
वरूडला गेलो, दोस्ताच्या ट्रकमध्ये. फोन करायचा राहिला.

१२ सप्टें.
वहिनींचाच फोन आला. हळू आवाजात. "भाऊजी, सहा दिस झाले. दिवा लागते, पन हा बोलून नाई राह्यला."
अमरावतीला नर्सिंगला त्यांचा नंबर लागलाय. परवा प्रवेशाची शेवटची तारीख. सुन्या म्हणतो, बाबाले विचार. "मामाजीसमोर माहं तोंडच नाई उघडत. मले वाटलं, मशीननं सांगतलं तं आयकतीन."
मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "वही राहू दे. आधी जाऊन खरं सांग."

१३ सप्टें., बाळापूर
पहिली एसटी. वहिनींना अंगणातच सांगितलं. डबा खोटा, चूक माझी.
रडल्या नाहीत. "मंग आता तुमीच बोला. डबा तुमीच आनला."
आत गेलो. काका: "या रेडिओवाले! काय मनते तुहा डबा?"
दिवा बंद केला. "काका, डबा काही बोलत नाही. पण वहिनींना..."
"थांब." काकांनी अंगणाकडे हाक मारली. "शालू! तुहं काम हाय ना? तं तू सांग."
वहिनी आल्या. मी ओट्यावर येऊन बसलो. इथंच लिहितोय. वहिनी बोलतायत, थांबत थांबत. काका ऐकतायत.