फळीवर नसलेला बिल्ला

वहिनी,

माझं शौर्यपदक दादाच्या फोटोशेजारी लावलंत, ते आधी उतरवा.

जहाजावर इंजिनरूममध्ये उतरणारा आपला बिल्ला दाराशी फळीवर अडकवतो, वर आला की काढतो. त्या दिवशी आम्ही भाऊ बरोबरच वर आलो. नेहमीसारखे दोघांचे बिल्ले मीच काढले. चष्मा विसरला म्हणून दादा परत उतरला, मला पत्ताच नाही. बिल्ला माझ्या खिशात, तो अडकवणार काय? तेवढ्यात आग लागली. फळी रिकामी बघून मी दार लावलं, आग विझवणारा गॅस सोडला; त्यात आत असलेला माणूस गुदमरून मरतो. चाळीस जण वाचले.

"काय प्रसंगावधान!" म्हणत साहेबांनी पदक लावलं.

काल तुम्हीही म्हणालात, "भावोजी, तुम्ही होतात म्हणून बाकीचे तरी वाचले."

म्हणून हे पत्रही खिशातच राहणार, दादाच्या बिल्ल्याजवळ.

तुमचा,
शूर दीर