न झालेल्या गोलांचा गूळ

तांडा, ता. महागाव, जि. यवतमाळ
रविवार, ८ फेब्रुवारी

चि. बादल,

दादीचा आशीर्वाद घे अन् ऐक. पहिले आली ती जमनाबाई. पाहुणे मागून आले, ती पहिले आली, कारण तिच्या ओट्यावरून सडक दिसते अन् दिवसभर तिले तेवढंच पाहाणं आहे. धापा टाकत म्हणे, "लाली, तुयाकडे कोनी येऊन राह्यला व. हा एवढा उंच. जोडे हातात, चिखल गुडघ्यालोक."

म्या म्हटलं, "पोलीस असन."

"पोलीस कायले जोडे काढते!"

ते बरोबर होतं. मी बाहेर येऊन पाहाते त तो तुमचा ब्राझीलवाला. गुरुवारची गोष्ट सांगून राह्यली. तुया फुटबॉलच्या टीमात पुढं खेळणारा, तुया खोलीत राहाणारा, ज्याचं नाव तू फोनवर घेते अन् मले कधी घेता येत नाई. जेनिवाल्दो. पाह्य, लिहिलं म्या. अर्पितानं कागदावर काढून देलं, त्यावरून पाहून लिहिलं. तुया आजोबानं दोनदा म्हणून पाह्यलं, मंग म्हणे हे माया दाताले झेपत नाई, याले वालसिंगच म्हणा. आता अख्खा तांडा वालसिंगच म्हणते.

अर्पिता मागं राह्यली होती. महागावच्या घनश्यामभाऊची अर्पिता, तुमच्या टीमात खेळाडूच्या पायाचं पाहाते ती. भावाच्या, नयनच्या लग्नाले घरी आली अन् याले संगं घेऊन आली. पाण्याच्या पायपासाठी आपली सडक खोदून ठेवली आहे, त्यात तिची गाडी फसली. ती गाडीपाशी थांबली अन् हा "बादल का घर, बादल का घर" करत चालत पुढं आला. लग्न लय चांगलं झालं म्हणे. तिच्या मायनं, विमलताईनं, मले लुगडं पाठवलं, हिरवं. काठ बरा आहे, पोत पातळ आहे. तू तिच्याजवळ जे ब्लँकेट पाठवलं तेही भेटलं. गरम आहे. तुया आजोबानं ते पहिल्याच दिवशी माया अंगावरून ओढून घेतलं, ते घेतलंच.

अन् तुया निरोपही भेटला. मॅच लागून आहेत, सुट्टी नाई, येनं होत नाई. दिवाळीले हाच निरोप होता, संक्रांतीलेही हाच. तू घरी कधी येते, एवढं एकच मले या चिठ्ठीत विचारा लागते. फोनवर विचारलं की तुयं नेटवर्क जाते. चिठ्ठीचं जात नाई. अर्पिता मंगळवारी परत निघते, तिच्याच हातानं देते. मायी शाळा चौथीलोक, तवा चुका पाहू नोको.

तर वालसिंग अंगणात आला अन् हात जोडून म्हणे, "अम्मा, मैं बादल का दोस्त." बस. आपल्या लमाणातल्या बाया दुरून आलेल्या आपल्या माणसाले कशा भेटतात ते तुले माहीत आहे. जो तुयापासून आला तो आपलाच. म्या त्याच्या गळ्यात पडून सूर धरला. कोन्या मुलखातून आला रे बापू, किती नद्या उतरून आला, मायं पाखरू तिकडे कोन्या झाडावर बसलं आहे. जमनाबाईचा गळा मायापेक्षा बरा, तिनं त्याले दुसऱ्या बाजूनं धरलं. तो एवढा उंच की आम्ही दोघी त्याले लोंबकळल्यावाणी झालो, मंग बिचारा खाली वाकला. आता आपल्यात हे भेटणं असते, फक्त सूर रडण्याचा असते. त्याले ते काय माहीत! तो खरंच रडाले लागला. हमसून हमसून. अन् रडता रडता काही बोलला. ते मंग सांगते.

कोंबडी केली. तिखटानं नाक पुसत पुसत जेवला, पण नोको म्हटलं नाई. ज्वारीची भाकर त्याले लय आवडली. जेवून तुया बापासंगं, प्रेमसंगं, वावरात गेला. कापसाच्या झाडापाशी उकिडवा बसला अन् बोंडातून कापूस असा काढला की कचरा आला नाई, बोटाले टोचलं नाई. प्रेम म्हणे, "अरे, याले त वेचता येते!" त्याची माय तिकडे दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचत होती. म्या म्हटलं, "समुद्राच्या पलीकडेही बायाच वेचतात काय रे?" म्हणे, "वहाँ भी, अम्मा." आता मशिनी आल्या म्हणे.

तुया आजोबानं विचारलं, कुठं कुठं खेळला? त त्यानं एका बोटाले एक देश करून सांगाले सुरुवात केली. पहिले गावच्या नदीकाठी, अनवाणी. मंग मोठ्या शहरात. मंग पोर्तुगाल. मंग एक देश, तिथं इतकं बर्फ की बॉल नारंगी रंगाचा घ्या लागे, पांढरा दिसतच नसे. मंग तुर्कस्तान, थायलंड, व्हिएतनाम. मंग कलकत्ता, केरळ, अन् आता गोवा. मधातले मी विसरली. त्याची बोटं संपली त त्यानं तुया आजोबाचा हात धरला अन् त्यावर मोजू लागला. कुठं एक हिवाळा, कुठं दोन-तीनच महिने. गोल झाले त लोक खांद्यावर घेत, दोन मॅच कोरड्या गेल्या की बॅग भर. एका गावात त्याच्या नावाचं गाणं होतं. दुसऱ्या गावात नावच चुकीचं छापून शर्ट देला. तो तसाच घालून खेळला, अन् त्याच शर्टात लय गोल झाले, मंग कायले दुरुस्त करा!

तुया आजोबा खुश. म्हणे, "आमचे बापजादे बैलावर मीठ लादून असेच मुलखामुलखात फिरत. तू त आमच्यातलाच निघाला गड्या." मंग म्हणे, "पण तुया तांडा कुठं राहे?"

त्याले समजलं नाई. अर्पितानं समजावून सांगतलं. आजोबा म्हणे, "आमचा लमाण फिरे त त्याच्यासंगं बायकापोरं, म्हातारे, कुत्रे, कोंबड्या, सगळा तांडा फिरे. जिथं बैल बसला तिथं घर. तू कोनाले संगं नेलं?"

तो आपल्या बोटाकडे पाहात राह्यला. म्हणे, "किसी को नहीं, बाबा." बायको राह्यली नाई. एक पोरगी आहे पोर्तुगालात. दोघाची बोली एकच, तरी बोलाले काही नसते. "तब्येत कशी आहे?" विचारते, पाहुण्याले विचारल्यावाणी.

मंग त्यानं आपल्या मायचं सांगतलं. हे त्यानं तुले सांगतलं नसन. सांगतलं असतं त तू असा वागला नसता.

त्या बर्फाच्या देशात त्याचा घोटा मोडला होता. मायले फोनवर म्हणे, खेळून राह्यलो, काल गोल मारला. त्याले वाटे, पाय बरा होऊ दे, एक गोल खरा होऊ दे, मंग घरी जाऊन तोंड दाखवू. माय म्हणे, शाब्बास बेटा. वर्षभर असंच. एक दिवस बहिणीचा फोन आला, अन् हा पोचला तवा माती देऊन झाली होती. बहीण म्हणे, मायले पहिल्या आठवड्यातच माहीत झालं होतं, कोन्या दोस्तानं सांगतलं होतं. पोराले लाज वाटन म्हणून ती शाब्बास म्हणत राह्यली, अन् माय खुश आहे म्हणून हा सांगत राह्यला. दोघं एकमेकाले जपत राह्यले बापा, अन् भेट राहून गेली. त्याच्यानंतर त्यानं लय गोल मारले म्हणे. सांगाले कोनी नव्हतं.

आता मागं ठेवलेलं सांगते. अंगणात रडता रडता तो म्हणाला, "माफ करो अम्मा. घुटना गया. खेलेगा नहीं, लेकिन चलेगा. बादल चलेगा, अम्मा."

दोन म्हाताऱ्या गळ्यात पडून रडून राह्यल्या, त्याले वाटलं यांना कळलं आहे, पोराच्या पायाचं दुःख करून राह्यल्या. माया सूर तोंडातच राह्यला. जमनाबाई गातच होती, तिले हिंदी उशिरा समजते. तेवढ्यात चिखलानं भरलेली अर्पिता आली. आमची तोंडं पाह्यली अन् त्याच्यावर ओरडली, "तू काय बोललास?" मंग तिथंच ओट्यावर बसून गेली अन् सगळं सांगतलं. पोळ्याच्या सुमाराले सरावात गुडघा फाटला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणे चालणं-फिरणं होईन, खेळणं नाई. अन् तू खोलीचं दार लावून बसते, व्यायामाले बोलावलं त येत नाई, अन् साऱ्यांना शपथ घातली की घरी सांगाचं नाई.

पोळ्यापासून तू जे जे गोल सांगतले, त्या हरेक गोलाचा गूळ म्या तांड्यात वाटला रे. जमनाबाई खाता खाता म्हणे, "लाली, तुया नातू असाच मारत राह्यला त आम्हाले साखरेची बिमारी होईन." आता ती येते, बसते, अन् टोमणा न मारता उठून जाते. जमनाबाई! हेच मले जास्त लागलं. गुळाचं मले काही नाई, गूळ गोडच होता. तू तिकडे दार लावून एकटा बसला होता अन् इकडे आम्ही हसून खाऊन राह्यलो होतो, त्याचं आहे.

अर्पिता माया पाया पडली. "दादी, फोनवर काही बोलू नका, त्याले स्वतः सांगू द्या." म्या कबूल केलं, फोनवर नाई बोलणार. चिठ्ठीचं ती काही बोलली नाई.

खरं सांगते, मलेही वाटलं होतं चूपच राहावं. पोराच्या मनासारखं होऊ द्यावं. मंग काल तुया फोन आला. "दादी, आज दोन मारले." माया जिभेवर शाब्बास आलं होतं बादल. अन् मले ती ब्राझीलची माय आठवली, जिले म्या कधी पाह्यलंही नाई. म्या फोन तुया आजोबाच्या हातात देला अन् चुलीपाशी जाऊन बसली.

म्हणून लिहून राह्यली. मले माहीत आहे. अन् मले माहीत आहे हे तुलेही माहीत असलं पाह्यजे.

तुया बापाचं भेव धरू नोको. पोलीस भरतीवरून तुमचं दोघाचं वाजलं होतं, तू बॅग उचलून गेलता, तवापासून तो घरात तुयं नाव घेत नव्हता. गुरुवारी त्यानं ऐकलं. शुक्रवारी उठला, उमरखेडले गेला अन् टेम्पोत खुर्चीचा संडास घालून आणला. अर्पिता म्हणाली होती ना, गुडघा पुरा मुडपणार नाई, उकिडवं बसता येणार नाई. काल मिस्त्रीनं बसवला, सिमेंट वाळून राह्यलं. अख्खा तांडा येऊन पाहून गेला. तुया आजोबा म्हणे, "पहिले मी बसून पाहातो." त प्रेम अंगावर धावला, "बादल आल्याबिगर कोनी बसाचं नाई!" साऱ्या लोकांसमोर. नाव घेतलं.

खेळणं गेलं हे वाईट झालं. देवाच्या मनात असंच होतं, असं मी म्हणणार नाई. म्हणणारे म्हणून राह्यले, त्यांचं ऐकू नोको. तुले पळताना म्या पाह्यलं आहे. धुऱ्यावरून तू पळाला की दोन्ही वावरातले बगळे उडत. ते आता दिसणार नाई याचं मले जे होते ते लिहिता येत नाई, चौथीलोक ते शिकवलं नाई. तू आला त दोघं मिळून रडू. सुरात नाई, तसंच.

निघताना तुया आजोबानं वालसिंगाले आपली होळी सांगतली. डफ, गाणी, रातभर नाच. तो म्हणे, येतो. त्याचा करार संपत आला आहे, मंग कोन्या देशात जाईन त्याचं त्याले माहीत नाई, पण होळी पाहूनच जाईन. अर्पिताही येते म्हणाली. म्या विचारलं, "कोंबड्या ठेवा लागतीन. दोघं येता का तिघं?" त्यानं तिच्याकडे पाह्यलं, तिनं खाली पाह्यलं. मंग तो हळूच म्हणे, "अम्मा, वो बादल बोलेगा."

तर तू बोल. नाई त काही बोलू नोको, नुसता ये. लंगडत ये.

सगळं माहीत असलेली,
तुयी दादी
लालीबाई

ते होळीच्या दिवशी येतो म्हणून गेले. होळी सोमवारी आहे, दोन मार्चले.