सतरा मिलिमीटर

६ जानेवारी
सतरा. गेल्या तपासणीत एकतीस होतं. गर्भाशयाच्या तोंडाची लांबी — तीन आठवड्यांत जवळजवळ निम्मी. चष्म्याच्या दुकानात दिवसभर मिलिमीटरच मोजते मी, फोड करून सांगायची गरज नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मागचं बाविसाव्या आठवड्यात गेलंय. वाट बघत बसायचं नाही. परवा तोंडाला टाका घालू." नवऱ्याने विचारलं, टाका धरेल ना? "बहुतेकदा धरतो."
बहुतेकदा — एवढा शब्द घेऊन घरी आलो.

११ जानेवारी
टाका घातला. कमरेखाली बधिर, वर मी टक्क जागी. आता घरी. झोपताना प्रोजेस्टेरॉनची गोळी. डॉक्टरीणबाई सांगतात, घरात हिंडाफिरा, नुसतं पडून काही साधत नाही. सासूबाईंना ते पटेल तर ना. पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाहीत. कूस बदलली तरी आतून हाक — "कुठे निघालीस?" बाथरूमला जायचीही चोरी!

२७ जानेवारी
बावीस आठवडे. आज काही लिहीत नाही.

४ फेब्रुवारी
तपासणीला सासूबाई हट्टाने आल्या. भांडणच काढणार, वाटलं. खुर्चीच्या कडेवर बसून होत्या. एकदम म्हणाल्या, "मागच्या वेळी मीच हिला ओले कपडे घेऊन गच्चीवर धाडलं. दोन बादल्या. दुसऱ्या दिवशी सगळं संपलं."
दीड वर्षात यातलं अक्षर काढलं नव्हतं त्यांनी. आणि मी इतके दिवस दुकानातल्या उभं राहण्याला बोल लावत होते.
डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "आजी, बादल्यांनी नाही झालं ते. तोंड आधीच उघडायला लागलं होतं. कुणाला कळलं नाही, एवढंच."
येताना अर्धा रस्ता दोघी चालत आलो. माझी पिशवी त्यांच्याकडे. द्यायलाच तयार नाहीत.

१७ मार्च
एकोणतीस आठवडे. जेवताना पोट दगडासारखं झालं. पंधरा मिनिटांनी पुन्हा. मग दहा. नवऱ्याने जेवण टाकून गाडी काढली. दवाखान्यात कळा थांबवायच्या गोळ्या, बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन. दुसरं उद्या. "दोन्ही टोचून झाली की, बाळ आलंच तरी श्वासाला बळ राहील," नर्स म्हणाली. टाका शाबूत आहे.
हात पोटावरून निघत नाही. थांब गं. थांब रे. जे असशील ते.

१९ मार्च
कळा विरल्या. विश्वास बसत नाही. गॅस झाला तरी घड्याळ बघते.

१२ मे
सदतीस. टाका काढला, पाच मिनिटांचं काम. "आता कधीही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बॅग दाराशी. गाडीची किल्ली नवऱ्याच्या उशाखाली.

९ जून
एकेचाळीस आठवडे. कळ म्हणून नाही. उद्या कळा आणायचं औषध देणार — मला! सांगताना डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. सासूबाई मात्र गंभीर. पोटाकडे बघून दम देत होत्या, "पुरे झालं. निघा आता."