परांची, चिकटपट्टी आणि आत्याबाई

तीर्थरूप भाऊजी यांच्या (आणि त्यांच्या ताज्या टाक्यांच्या) सेवेशी,

धाकट्या मेहुण्याचा नमस्कार. ऑपरेशन नीट पार पडलं आणि तुम्ही दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांशी हुज्जत घातलीत, असं ताईनं कळवलं. म्हणजे प्रकृती सुधारते आहे. ऐकून जीव भांड्यात पडला. तुम्हाला हसायला, खोकायला आणि चिडायला मनाई आहे असंही ती म्हणाली. हसण्याखोकण्याची हमी मी देत नाही, पण चिडण्यासारखं या पत्रात काही नाही. निदान पहिल्या पानावर तरी नाही. इकडे सगळं ठीक आहे. इमारत उभी आहे, तिच्याभोवती रंगकामासाठी बांधलेली परांचीही उभी आहे. (ती जरा जास्तच उभी आहे. त्यावर येतोच.)

ऑपरेशनला निघताना इथलं काम माझ्यावर सोपवून तुम्ही मला दोनच गोष्टी बजावल्या होत्या. एक, मिस्त्रींच्या कामात नाक खुपसायचं नाही. दोन, परांचीच्या नळ्यांची जी टोकं डोक्याच्या उंचीला येतात त्यांना काहीतरी गुंडाळून घ्यायचं. पहिली मी कसोशीनं पाळली. दुसरी मात्र माझ्या चटकन लक्षात राहिली नाही, म्हणून पहिल्याच सकाळी एका नळीनं ती माझ्या कपाळावर ठोकून पक्की केली. टेंगूळ असं आलं की मिस्त्री माझ्याशी बोलताना टेंगळाकडेच बघून बोलायचे. त्याच पावली मी हार्डवेअरच्या दुकानात गेलो.

भाऊजी, चिकटपट्ट्यांचं एवढं मोठं जग आहे हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं! मला वाटायचं, पाकीट बंद करायची ती चिकटपट्टी. दुकानदार हा तर त्या विषयाचा नुसता कीर्तनकार. त्यानं मनगटाएवढ्या जाड गुंडाळ्या माझ्यासमोर मांडल्या. ही पिवळी-काळी, नळीवर लावली की आंधळ्यालाही दिसावी. ही कापडी, फोम बांधून ठेवायला. ही वाळूच्या कागदासारखी खरखरीत, फळ्यांवर लावली की पाय घसरत नाही. आणि ही दोन्ही अंगांनी चिकटणारी, हिचं काय करायचं ते गिऱ्हाइकानं ठरवायचं. मी सगळ्या घेतल्या. (बिल तुमच्या नावावर आहे. त्याबद्दल तुम्ही बरे झाल्यावर बोलू.)

मग मी कामाला लागलो. प्रत्येक नळीच्या टोकाला फोम, फोमवर कापडी पट्टी, तिच्यावर पिवळी-काळी. प्रत्येक जोडाला, प्रत्येक बोल्टाला, कठड्याच्या आडव्या दांड्याला, आणि पायाशी जी उभी फळी असते तिलासुद्धा आतून जाड गादी. मिस्त्री आधी गालातल्या गालात हसत होते, पण त्यांचंच डोकं एका टोकावर आदळलं आणि ‘फुस्स’ एवढाच आवाज झाला, तेव्हा त्यांनी तो फोम दोनदा दाबून पाहिला आणि चहाला गेले. त्यांच्याकडून याहून मोठं प्रशस्तिपत्रक मिळत नसावं. इथेच मी थांबायला हवं होतं. पण हातात पट्टी असली की माणसाला जग सुटं सुटं दिसायला लागतं. हातोड्या खाली पडू नयेत म्हणून मी त्या दोरीनं आणि पट्टीनं बांधल्या, रंगाचे डबे फळीला चिकटवले, रंगाऱ्याचा रेडिओ चिकटवला (तो आता एकच स्टेशन लावतो), आणि धूळ घरात जाऊ नये म्हणून बाहेरून सगळ्या खिडक्यांवर प्लॅस्टिक ताणून चारी बाजूंनी पक्कं केलं. त्यात दुसऱ्या मजल्यावरची तुमच्या आत्याबाईंची खिडकीही आली.

आत्याबाईंना तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ओळखता. खुबा मोडल्यापासून त्या जिना उतरत नाहीत, पण आवाज दोन्ही मजले उतरतो. खिडकी बंद झाल्यावर त्यांनी आतून मला उद्देशून जे काही सांगितलं, ते प्लॅस्टिकमुळे मला नीट ऐकू आलं नाही, हा पट्टीचा आणखी एक फायदा.

आणि दुसऱ्या दिवशी सुरक्षा तपासणीचे साहेब आले. उंच, गंभीर, हातात टिपणाची पाटी, चेहऱ्यावर सगळ्या जगातले अपघात एकदम आठवत असल्याचा भाव. त्यांनी नाही म्हटलं तर काम बंद, आणि पावसाळ्याच्या आत रंग झाला नाही तर तुमचं नाव खराब, हे मला माहीत होतं. नेमके मिस्त्री आणि गडी जेवायला गेलेले. मी एकटाच साहेबांना वर घेऊन गेलो. पहिल्या मजल्यावर ते दोनदा ‘हं’ म्हणाले. त्यातला दुसरा ‘हं’ चक्क कौतुकाचा होता. दुसऱ्या मजल्यावर, आत्याबाईंच्या खिडकीसमोर, ते बोलता बोलता थांबले. मला वाटलं, काहीतरी निरखताहेत. पण ते निरखत नव्हते. ते चिकटले होते.

झालं होतं असं, की खरखरीत पट्टी तिथवर पुरली नव्हती, म्हणून त्या फळ्यांवर दोन्ही अंगांनी चिकटणारी लावली गेली होती. तिच्यावर तपकिरी कागद असतो, आणि तो असेपर्यंत ती गायीसारखी गरीब असते. साहेब यायच्या आधी कुणीतरी तो कागद सोलून काढला असावा. (बांधकामावर शंभर माणसं येतात-जातात. कुणाकुणाला विचारणार?) साहेबांनी डावा पाय उपटायला उजव्यावर जोर दिला, तसा उजवाही बसला. मग त्यांनी बुटातून पाय काढून बाजूला ठेवला, तर मोजा चिकटला. मोज्यातून पाय काढायला ते वाकले आणि आधाराला हात टेकला. त्यापुढचं वर्णन करत नाही. एका सरकारी माणसाची अब्रू आहे.

एवढ्यात प्लॅस्टिकमधून आतून एक मोठी कात्री बाहेर आली. सर्रकन वरपासून खालपर्यंत प्लॅस्टिक फाटलं आणि मागे आत्याबाई उभ्या.

“कोण आहे रे माझ्या खिडकीत?”

साहेबांनी वर पाहिलं. इतका वेळ घोगरा असलेला त्यांचा आवाज एकदम सातवीतल्या पोरासारखा झाला. “बाई? तुम्ही इथे राहता?”

आत्याबाईंनी चष्मा सारखा केला. “तू! मागच्या बाकावरचा. अजून एका जागी धड उभं राहता येत नाही तुला? हलू नकोस.” (हलण्याचा प्रश्नच नव्हता.)

त्यांनी आतून डोक्याला लावायच्या तेलाची बाटली आणून माझ्या हातात दिली. तेलानं चिकटा सुटतो, हे अगदी खरं आहे. मी सढळ हातानं ओतलं. मोजा सुटला, हात सुटला, दुसरा मोजा सुटला. साहेब ताठ उभे राहिले, माझे आभार मानायला तोंड उघडलं, आणि तेलावरून पाय जाऊन ते पाठीवर पडले ते सरळ फळीच्या टोकाकडे सूं करत निघाले.

भाऊजी, इथे मी थट्टा करत नाही. टोकाला नुसता कठडा आणि त्यापलीकडे दोन मजल्यांची पोकळी. ते गेले आणि पायाच्या फळीला मी बांधलेल्या त्या जाड गादीवर त्यांचे दोन्ही पाय धप्पकन टेकले. थांबले. कठडा हललासुद्धा नाही. थोडा वेळ ते तसेच आकाशाकडे बघत पडून राहिले. मी चार पायांवर रांगत त्यांच्याकडे निघालो, तर मागून आत्याबाईंचा हुकूम आला, की आधी तेलावर पोती टाक. मी टाकली. वळून पाहतो तर आत्याबाई स्टुलावरून, खिडकीचा उंबरा ओलांडून, परांचीवर! जिना न उतरणाऱ्या आत्याबाई! नळी धरत धरत त्या टोकापर्यंत आल्या, साहेबांना आपल्या काठीचं टोक धरायला देऊन उठवलं, “लागलं नाही ना रे?” म्हणून विचारलं, आणि मग समोर पाहिलं.

त्यांच्या खिडकीतून तुम्हाला माहीत आहे काय दिसतं ते. शेजारच्या इमारतीची भिंत आणि तिचे सांडपाण्याचे पाइप. पण परांचीच्या त्या टोकाला आलं, की थेट त्यांच्या जुन्या शाळेच्या फाटकापर्यंतचा रस्ता दिसतो. तेव्हा मधली सुट्टी झालेली होती. आत्याबाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला आणि तिथूनच पोरं मोजायला सुरुवात केली. (माझ्यावर ओरडायचं त्यात राहूनच गेलं.) मग साहेब अनवाणीच त्यांच्या शेजारी बसले आणि दोघं हलक्या आवाजात बोलत राहिले. मला बूट सोडवायला पाठवलं.

खाली उतरल्यावर साहेब मला म्हणाले, “नळ्यांचं आणि कठड्याचं काम चोख आहे, त्यानंच मी वाचलो. पण फळ्यांवर ज्यानं हा उद्योग केला, त्याला माझ्या डोळ्यांसमोर आणू नका.” मी म्हटलं, शोधतो. मग त्यांनी पुढची पाहणी होईपर्यंत काम बंद ठेवायला सांगितलं आणि परांचीची एक नळीही उतरवायची नाही, असंही बजावलं.

तर असं सगळं क्षेम आहे. काळजी नसावी, विश्रांती घ्यावी, घाईनं परत येऊ नये. ताईला सांगा, टेंगूळ उतरलं.

तुमचा आज्ञाधारक,
धाकटा मेहुणा

ता. क. घाईनं परत यावं. तेल पुसून, नवी खरखरीत पट्टी लावून झाली, तरी साहेब बंदी उठवत नाहीत. दर शनिवारी येतात, वर जातात, तासभर पाहणी करतात आणि “अजून बघावं लागेल” म्हणून निघून जातात. रंगारी कंटाळले आहेत. मिस्त्री माझ्याकडे बघतही नाहीत. शिवाय आत्याबाई रोज सकाळी कमरेला सुरक्षेचा पट्टा बांधून टोकाला खुर्चीत बसतात आणि आत यायचं नाव घेत नाहीत. (खुर्चीचे पाय मीच फळीला चिकटवले. न चिकटवून सांगता कुणाला?) त्या फक्त तुमचं ऐकतात. कृपा करून या आणि त्यांना आत न्या.

ता. क. दुसरा, आत्याच्या हातचा. चि. बाळ्या, तुझा हा मेहुणा पत्र टाकायला निघाला होता, मी मागून घेऊन वाचलं. मी कुणाचंही ऐकत नाही, तुझं तर नाहीच. तो तपकिरी कागद यानंच सोलला, गाणं म्हणत म्हणत. प्लॅस्टिकमधून मला सगळं दिसत होतं. पण गादीही यानंच बांधली, तेव्हा ओरडू नकोस. पोरगा चिकट आहे, टिकेल. बंदीचं म्हणशील तर ती मी म्हणेपर्यंत उठायची नाही. शनिवारची पाहणी म्हणजे आम्ही दोघं चहा पितो आणि सुट्टीत पोरं काय दंगा करतात ते बघतो. सगळ्या जगाला तू गॅलऱ्या बांधून दिल्यास, बाळ्या, आणि तुझ्या आत्याला भिंतीकडे तोंड करून बसवलंस. त्या टोकाला एक गॅलरी काढ. छोटी चालेल, दोन खुर्च्या मावल्या म्हणजे झालं. तिचा आराखडा आला, की त्या दिवशी मी आत जाईन.